चार वर्षांच्या मुलीला उलट्या, धाप आणि ग्लुकोमीटरवर नुसतं 'हाय'. सकाळपर्यंत थांबू का?

नाही, आत्ताच निघा. लहान मुलांचा आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा. 'हाय' म्हणजे साखर साधारण 500-600 च्या वर, मीटरच्या आवाक्याबाहेर. हा बहुधा डायबेटिक कीटोअॅसिडोसिस असावा: इन्सुलिन नाही, म्हणून शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. खोल, जोरजोरात श्वास त्यामुळेच. त्याला अनेकदा न्यूमोनिया समजतात, उलट्यांना 'पोट बिघडलंय'. पण जुलाबाने सुकलेल्या मुलाला लघवी कमी होते, इथे पोर सुकतं तरी भरपूर होते. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं होतं का? लघवी पडलेल्या जागी मुंग्या लागत होत्या का? डॉक्टरांना जरूर सांगा.

तिथे कीटोन आणि रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं आम्ल जास्त) बघतात, 7.3 च्या खाली असला की निदान पक्कं. आधी सलाइन, तासाभराने इन्सुलिनचं ड्रिप, दर किलोला तासाला 0.05 ते 0.1 युनिट, सोबत पोटॅशियम. साखर झटकन का उतरवत नाहीत म्हणून भांडू नका, मुलांमध्ये मेंदूला सूज येण्याची भीती असते. डोकं दुखतंय म्हणाली किंवा गुंगीत गेली, तर लगेच सिस्टरना हाक मारा.

वाटेत ग्लुकोजचं पाणी नको. घरच्या आजोबांचं इन्सुलिन तर मुळीच टोचू नका.