उभ्या उताराने किनाऱ्यावर उतरताना

वाट छोटी आहे म्हणून चपलांवर जाऊ नका, बूटच घाला. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख ठेचतं. नखं आधी कापा, घोट्याजवळची लेस घट्ट आवळा. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. ओल्या मुळांवर पाय देऊ नका, ओलांडून जा. सुका पाचोळाही तितकाच दगाबाज.

खरा कस परतीच्या चढावर लागतो. उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा, निम्म्याहून जास्त पाणी राखा. भरती-ओहोटीच्या वेळा बघून ओहोटी लागलेली असतानाच पोहोचा. भरतीत काही किनाऱ्यांवर वाळूच उरत नाही. जीवरक्षक नसेल तर पोहणं नकोच. निघताना बोटांमधली वाळू पुसून मोजे घाला, नाहीतर चढावर फोड ठरलेले.