बोळकंडीतला फुटबॉल

प्रश्न : आमच्या वसतिगृहाच्या मजल्यावर जेमतेम 2 मीटर रुंद आणि 12 मीटर लांब बोळकंडी आहे. रात्री जेवणानंतर आम्ही चौघं तिथे फुटबॉल खेळतो. चेंडू सारखा उसळतो, दारांवर धडाधड आपटतो, आणि खेळ कमी अन् ढकलाढकली जास्त होते. नियम बदलावेत की खेळणंच सोडावं?

उत्तर : सोडू नका. नियमांना हात लावण्याआधी चेंडू बदला. मैदानावरचा चेंडू 2 मीटरवरून सोडला तर सव्वा मीटरच्या वर उसळतो. फुटसालचा, म्हणजे छताखाली खेळायच्या छोट्या फुटबॉलचा, चेंडू आकाराने लहान, आणि तेवढ्याच उंचीवरून सोडला तर 50 ते 65 सेंटीमीटरच उडतो. छताखालच्या खेळाची सगळी गोम या उसळीत आहे. फुटसालसुद्धा जागेच्या अडचणीतूनच आलं : 1930 साली उरुग्वेतल्या मोंतेव्हिदेओत हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने बास्केटबॉलच्या कोर्टावर बसेल असा फुटबॉल बेतला, एका बाजूला पाचच खेळाडू ठेवले.

तुमची बोळकंडी त्याहूनही अरुंद, म्हणून मी तर मोज्यांचा चेंडू सुचवीन. आम्ही तो नाइलाजाने केला होता. आमच्या एका फटक्याने ट्यूबलाइट फुटली आणि रेक्टरनी चेंडू कपाटात टाकून कुलूप लावलं. मग सात-आठ जुने मोजे एकात एक कोंबले, वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. उसळी जवळपास शून्य, आवाजही नाही. (मोजे धुतलेले घ्या. आम्ही घेतले नव्हते.)

आता खेळ. दोघांविरुद्ध दोघं, गोलकीपर नको. गोल म्हणजे दोन चपलांमधलं हातभर अंतर, आणि तोही जवळ येऊनच मारायचा. अर्ध्या बोळकंडीपलीकडून मारलेला धरायचा नाही. चेंडू गुडघ्याच्या वर गेला की तो समोरच्यांचा. भिंत मात्र ‘आऊट’ नाही. भिंत हा तुमचा तिसरा गडी. समोरचा अंगावर आला की चेंडू तिरका भिंतीवर द्या आणि त्याच्या दुसऱ्या बाजूने पुढे जाऊन घ्या. मोज्यांचा चेंडू भिंतीवरून मरगळून येतो, त्यामुळे हा पास जोरात हवा. तो अंदाज यायला आम्हाला आठवडा लागला. चेंडू थांबवायचा तळपायाखाली, पावलाच्या आतल्या बाजूने नाही. तळपायाखालून तो कुठल्याही दिशेला ओढता येतो, आणि तुमच्याकडे दुसरी जागाच कुठे आहे? खांदा लावायला पूर्ण बंदी. ढकलाढकली त्यानेच थांबेल.

आणि दारं आत उघडतात की बाहेर, ते आधी बघा. आमची बाहेर उघडायची. मी एकटाच गोलसमोर मोकळा होतो, चेंडू पायाखाली होता, आणि तेवढ्यात कोणीतरी पाणी प्यायला उठलं. कपाळावर टेंगूळ आलं; चेंडू घरंगळत चपलांमधून गेला. तो गोल धरायचा की नाही, यावर आम्ही अजून भांडतो.