आजच्या काळातही गुलामगिरी आणि वसाहतवाद आहे का?

आहे की. साखळदंडाच्या जागी उचल, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम आलीय, एवढंच. आमच्या बीडकडं दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसं मोजायची तीही हत्याराच्या नावानं! मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल फिटेपर्यंत उसाचा फड सोडता येत नाही. दुखणं आलं तरी ‘खाडा’, म्हणजे गैरहजेरीचा दंड लागतो, म्हणून अवघडलेल्या बायाही डोक्यावर मोळ्या वाहतात. हंगामाअखेर बाकी निघालीच तर ती पुढच्या साली. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, कागदावर. वसाहतवादाचं म्हणाल तर मराठवाड्यावर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, थेट इंग्रजांचं नाही. पण कापूस आम्ही पिकवायचा आणि भाव परदेशच्या बाजारावर हलायचा, हे अजून चालूच आहे.