मुलीकडे वर्षभर राहायचे आहे, कोणता व्हिसा घ्यावा?

प्रश्न : आमची मुलगी टोरांटोजवळ राहते व तिला कॅनडाचे कायम वास्तव्य मिळाले आहे. आम्ही दोघे निवृत्त आहोत व तिच्याकडे वर्षभर राहू इच्छितो. साधा व्हिजिटर व्हिसा पुरेल का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : साध्या व्हिजिटर व्हिसावर सहसा एका वेळी सहा महिनेच राहता येते आणि पुढे मुदतवाढीच्या अर्जावर विसंबावे लागते, म्हणून आपण सुपर व्हिसाच निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्यांच्या आईवडिलांसाठी व आजीआजोबांसाठी तो असून, जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. अर्ज कॅनडाबाहेरूनच करावा लागतो.

मुलीचे निमंत्रणपत्र, तिचे ठरावीक किमान उत्पन्न आणि आपली वैद्यकीय तपासणी या अटी आहेतच, पण खरा खर्च विम्याचा आहे. किमान एक लाख कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा, निदान एक वर्षाचा विमा लागतो. नुसते कोटेशन चालत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधीच्या आजारांविषयीची कलमे मुलीसोबत बसून वाचा. हप्ता कमी दिसतो म्हणून घाई करू नका, कारण तिथले रुग्णालयाचे बिल मुलीच्या संसारावर येऊ शकते.

पेन्शन असल्यास नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्याची व्यवस्था बँकेत निघण्यापूर्वीच विचारून ठेवावी. परदेशातून तो भारतीय दूतावासामार्फतही देता येतो.