जेजेच्या आवाराचे ऋण

प्रश्न : आदरणीय ताई, १९८१ ते १९८६ ही पाच वर्षे मी सर ज. जी. कला महाविद्यालयात, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या ‘जेजे’त, रेखा व रंगकला शिकले आणि पुढे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. आजही सीएसएमटीला उतरले की पाय आपोआप त्या फाटकाकडे वळतात. ‘आईचं माहेर तिकडं आहे,’ असे म्हणून मुलगा हसतो. एखाद्या आवारावर इतकी माया असणे हा वेडेपणा आहे का? आणि निवृत्तिवेतनावर जगणारीने त्याचे ऋण फेडावे तरी कसे? त्या दिवसांतली सहा-सात स्केचबुके तेवढी माझ्यापाशी आहेत. त्यांत आवारातली झाडे, जिने आणि डाँकीवर, म्हणजे चित्र काढण्याच्या बाकावर, बसून चित्र काढणाऱ्या मैत्रिणी आहेत.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलगा थट्टेत बोलला असला तरी चुकीचे बोललेला नाही. ज्या जिन्याची सावली नीट उतरावी म्हणून तुम्ही अख्खी सकाळ त्याच्याकडे पाहत बसलात, तो जिना तुमच्या डोळ्यांत जितका मुरला आहे, तितकी स्वतःच्या घराची भिंतही मुरली नसेल. पाहायला शिकलात ते त्या आवारात, आणि शिकताना समोर होते तेही तेच आवार. मग माया जडली यात नवल ते काय?

ऋणाचा विचार करताना मात्र देणगीचे आकडे मनातून काढून टाका. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले, १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले आणि १८७८ मध्ये आजची इमारत उभी राहिली, हे खरेच. पण पैशाने उभ्या राहिलेल्या या शाळेने परतफेड केली ती हातांनी. १८७८ मध्येच रस्त्यापलीकडच्या स्थानकाचे काम सुरू झाले आणि त्याच्या कोरीव नक्षीकामाला याच शाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात लागले. तुम्ही गाडीतून उतरता तिथेच मान वर केलीत, तरी त्याचा पुरावा दिसेल. इथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या. त्यांतल्या कितीतरी प्रती लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. तरीही जे उरले आणि पुढे छापले गेले, ते आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते. लेण्यांतला रंग दिवसेंदिवस झडत असताना कोणीतरी समोर बसून तो उतरवून घेतला होता, एवढेच त्याचे कारण.

तुमच्या स्केचबुकांकडे मी याच नजरेने पाहते. चाळीस वर्षांपूर्वी कोणते झाड कुठवर पसरले होते आणि वर्गातली बाके कशी मांडलेली असत, हे त्यांत आहे. अट एकच, आठवणीला मुलामा देऊ नका. त्याच आवारातले उदाहरण घ्या. ‘जंगल बुक’चे लेखक रडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये या आवारात झाला हे पक्के आहे. पण डीनच्या ज्या बंगल्याकडे बोट दाखवून लोक हौसेने ‘इथेच’ म्हणतात, तो बंगला त्यानंतरचा आहे. प्रेमाने सांगितलेली चूकही पुढच्या पिढीला निस्तरावी लागते (आम्हा स्तंभलेखकांना तर दर महिन्याला!).

आता कामाचे. मुंबईच्या दमट हवेत कागदाला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात, म्हणून वह्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कारण ते पुन्हा काढता येत नाही. मुलाला हाताशी घ्या आणि प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी फोटो काढून घ्या. हसण्याची तेवढी भरपाई त्याने करायलाच हवी. मग महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला रीतसर पत्र लिहून विचारा. त्यांना मूळ वह्या नको असल्या तर फोटो द्या आणि वह्या तुमच्याजवळच राहू द्या.

झाडे आणि जिने काढल्याचे तुम्ही लिहिले आहे, पण चित्रांवर तारखा आहेत की नाहीत ते लिहिलेले नाही. नसतील, तर वर्ष, महिना आणि कोणत्या खिडकीपाशी बसून काढले, इतके पानामागे मऊ शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई पुढच्या बाजूला फुटते. मैत्रिणींची नावे अजून आठवत आहेत तोवर तीही लिहून टाका.