मिंट टाकलं, पण लॅपटॉप सरळ विंडोजमध्येच जातो

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१७चा. विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि ११ यावर चालत नाही, म्हणून मुलाने पेनड्राइव्हवरून शेजारी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) टाकून दिलं. त्याला ६० जीबी जागा दिली. सुरुवातीला 'कशावरून सुरू करू?' या यादीत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसत होतं, आम्ही वरचं घेतलं. शेवटी 'ग्रब'बद्दल काहीतरी मेसेज आला, ओके केलं. आता मशीन सरळ विंडोजमध्ये जातं, मिंटचा पत्ताच नाही. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. सोसायटीचे सगळे हिशेब त्यातच आहेत हो!
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, फॉरमॅट अजिबात मारू देऊ नका. आधी हिशेबाची फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. माझ्या मेहुण्याची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. त्याचा अख्ख्या हंगामाचा फवारणीचा हिशेब एकदा अशाच कामात माझ्या हातून पुसला गेला. तो अजून प्रत्येक लग्नात काढतो.

मग विंडोजचं 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. ६० जीबीचा, नाव नाही, सी-डी असं अक्षर नाही, असा कप्पा दिसतोय ना? तेच तुमचं मिंट. घर बांधून झालंय, दाराला पाटी लागलेली नाही, एवढंच. त्या कप्प्यावर डिलीट किंवा फॉरमॅट दाबू नका.

खरी गोम तुम्हीच लिहिली आहे : पेनड्राइव्हचं नाव दोनदा. त्या दोन ओळी नीट वाचा. एकीच्या आधी 'यूईएफआय' लिहिलेलं असतं, दुसरीच्या नसतं. म्हणजे सुरू होण्याच्या दोन पद्धती, नवी आणि जुनी. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' बघा. तिथे यूईएफआय असेल, तर विंडोज नव्या पद्धतीचं आणि तुम्ही मिंट बसवलंत जुन्या पद्धतीने. ग्रब म्हणजे सुरुवातीला 'कोणतं उघडू?' विचारणारा मेनू. त्याला योग्य जागाच मिळाली नाही, तोच तो मेसेज. (आणि तिथे 'लेगसी' दिसलं तर पुढचं काही करू नका, मला पुन्हा लिहा.)

आता तोच पेनड्राइव्ह लावा, पण यूईएफआयवाल्या ओळीवरून सुरू करा. पुन्हा इन्स्टॉल करायचं नाही. वायफाय किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, कारण लागणारं पॅकेज नेटवरून उतरतं. उघडलेल्या मिंटच्या मेनूत 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'खाली 'बूट रिपेअर' आहे, ते उघडून 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा. मध्ये काही विचारलं तर घाई न करता वाचा. मागच्या वेळचं ओके आठवतंय ना?

त्यानंतरही विंडोजच उघडलं तर घाबरू नका. सुरू करताना एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये जा (काही लॅपटॉपना कळ वेगळी असते) आणि बूटचा क्रम बघा. इथे बरेच जण अडकतात : मिंट शोधत बसतात आणि यादीत मिंट नसतंच. त्याची नोंद 'उबंटू' नावाने होते, कारण मिंट उबंटूवरच उभं आहे. ते नाव 'विंडोज बूट मॅनेजर'च्या वर आणा, सेव्ह करा.

विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून ठेवा. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मिंटमधून तुम्हाला विंडोजच्या फायली फक्त वाचता येतात.

दोन्ही चालू झाल्यावर एक गंमत होईल. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलात की रात्री ८ वाजता घड्याळ दुपारचे अडीच दाखवेल. सेल गेलेला नाही. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात मिंट जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच आपली वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'timedatectl set-local-rtc 1' ही ओळ मुलाकडून टाकून घ्या, नाहीतर मेंटेनन्सच्या पावत्यांवर भलतीच वेळ पडेल आणि सभासद तुम्हालाच धरतील.