विमान रद्द झालं, पण बुटांचं काय?

प्रश्न : मोठी शस्त्रखरेदी थांबवून तो पैसा राखीव सैनिकांवर खर्च केला तर? – एक वाचक, सातारा

उत्तर : इस्रायलकडे बघा. 'लावी' हे स्वतःचं लढाऊ विमान त्यांच्या मंत्रिमंडळाने ३० ऑगस्ट १९८७ला १२ विरुद्ध ११ मतांनी रद्द केलं. त्याचा खर्च डोईजड झाला होता. निर्णय योग्यच होता, असं माझं मत.

पण वाचलेला पैसा आपोआप राखीव दलापर्यंत पोचत नाही. २००६च्या लेबनॉन युद्धात बोलावणं आलेल्या कित्येक राखीव सैनिकांना चिलखती जाकिटं, अगदी पाणीसुद्धा धड मिळालं नाही. आधीची काही वर्षं त्यांच्या सरावाला कात्री लागली होती. त्या युद्धाच्या चौकशीसाठी इस्रायल सरकारने नेमलेल्या विनोग्राड आयोगाने त्यावर बोट ठेवलं.

मी लष्करी भांडारात हयात घालवली, म्हणून पोटतिडकीने सांगतो. यादीतला माल वापरण्याजोगा असेलच असं नाही. पॉलियुरेथेनच्या तळव्याचा बूट नुसता पडून राहिला, तरी दमट हवेत आतून कुजतो. वरून कोरा करकरीत दिसतो आणि चार पावलं टाकली की तळव्याचा भुगा! बॅटऱ्यांचंही तेच. म्हणून खरेदीइतकीच तरतूद जुना साठा सरावात वापरून नवा भरण्यासाठी हवी. आपल्या प्रादेशिक सेनेबद्दलही (टेरिटोरियल आर्मी, गरजेला बोलावलं जाणारं अर्धवेळ दल) मी आधी तेच विचारेन.